आईचा आत्मसन्मान आणि लेकराचे घर

मूल तीन महिन्यांचे झाले की आशाताईने घरी जावे, आणि पुढे सहाव्या, नवव्या, बाराव्या व पंधराव्या महिन्यातही पुन्हा जावे, अशी गृहभेटींची पद्धत 2018 मध्ये राष्ट्रीय आरोग्य अभियानात घालून देण्यात आली. या भेटीत बाळाचे वजन, लसी, वरचे अन्न, लोहाचे औषध, जुलाब झाल्यास द्यायची ओआरएसची पुडी अशी विचारपूस होते. बाळ बसते का, हाक मारल्यावर वळून बघते का, हेही पाहिले जाते. परभणी, बीड किंवा हिंगोलीकडच्या एखाद्या गावात अशा भेटीला बरोबर गेले, तर जिच्यासाठी फॉर्ममध्ये रकाना नाही अशी एक गोष्ट लगेच नजरेत भरते. प्रश्न आईला विचारलेला असतो, पण उत्तर कोण देते? काही घरांत आई स्वतःच सांगते, "परवापासून वरण-भात चारायले, पण थुंकून देतंय." काही घरांत ती आधी सासूकडे पाहते, सासू उत्तर देते, आणि आई पदर सावरत चहा ठेवायला आत निघून जाते. आत गेलेल्या आईला बाळाबद्दल कमी माहिती असते असे मुळीच नाही. रात्री बाळ किती वेळा उठले हे तिच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. आपले सांगणे या घरात धरले जात नाही, एवढे मात्र तिने शिकून घेतलेले असते.

या शिकण्याचा बाळाच्या पहिल्या काही वर्षांवर काय परिणाम होतो, हा प्रश्न बालविकासाच्या अभ्यासकांनी गेली कित्येक दशके चिकाटीने हाताळला आहे. आई स्वतःला कोणत्या मोलाची समजते याचा बाळाभोवतीच्या घराशी संबंध असतो, आणि तो संबंध दिवसभरातल्या अगदी बारीकसारीक वागण्यातून तयार होतो, असे त्यांचे म्हणणे आहे. मात्र आईची स्वतःबद्दलची ही समजूत तिच्या एकटीच्या मनात जन्माला येत नाही. घरच्यांच्या बोलण्यातून, कामाच्या वाटणीतून, हातात येणाऱ्या किंवा न येणाऱ्या पैशातून ती रोज घडत किंवा मोडत असते, आणि म्हणूनच आईला "आत्मविश्वास बाळग" असा उपदेश करून विषय संपवणे मला अर्धवट काम वाटते.

आधी मोजमापाविषयी. आत्मसन्मान म्हणजे स्वतःबद्दलचे एकूण मत. मी माणूस म्हणून इतरांइतकीच मोलाची आहे, असे वाटणे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मॉरिस रोझेनबर्ग यांनी तो मोजण्यासाठी 1965 मध्ये दहा विधानांची एक छोटी प्रश्नावली प्रसिद्ध केली आणि ती आजही जगभर वापरली जाते. एकूण पाहता मी स्वतःबद्दल समाधानी आहे, अशा वळणाची पाच विधाने तिच्यात आहेत आणि कधीकधी मी अगदीच निरुपयोगी आहे असे वाटते, अशा वळणाची पाच; प्रत्येकाला पूर्ण सहमतीपासून पूर्ण असहमतीपर्यंतच्या चार पायऱ्यांपैकी एक निवडायची असते. मी इतरांपेक्षा वरचढ आहे, असे विधान त्यात नाही, म्हणजे तोरा किंवा गर्व येथे मोजला जात नाही. याच्या शेजारची दुसरी कल्पना म्हणजे एखादे ठरावीक काम आपल्याला जमेल हा भरवसा, जो अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 मध्ये सविस्तर मांडला. पंगतीसाठी पायलीभर पिठाच्या भाकरी थापण्याचा भरवसा असलेल्या बाईला रडणारे बाळ शांत करण्याचा भरवसा असेलच असे नाही. आणि नैराश्य ही तिसरी, निराळी गोष्ट. तो आजार आहे. या तिन्हींची सरमिसळ बोलण्यात नेहमी होते, आणि प्रत्यक्षातही त्या एकमेकींत गुंतलेल्या असतात, पण उपाय शोधताना त्या वेगळ्या धराव्या लागतात.

आता घराचे मोजमाप. 'घरचे वातावरण चांगले आहे' असे आपण सहज म्हणतो, पण त्यात नेमके काय धरायचे? अमेरिकेतील आर्कान्सास येथे बेटी काल्डवेल आणि रॉबर्ट ब्रॅडली यांनी यासाठी 'होम' नावाची एक पडताळणी तयार केली. तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी तिच्यात 45 मुद्दे आहेत. पाहणी करणारी व्यक्ती मूल जागे असताना घरी जाते, साधारण तासभर गप्पा मारत बसते, आणि प्रत्येक मुद्द्यापुढे फक्त हो किंवा नाही अशी खूण करते. बाळाने आवाज काढला तेव्हा आईने काही उत्तर दिले का, एखाद्या वस्तूचे नाव त्याला सांगितले का, भेटीच्या वेळात ती त्याच्यावर ओरडली का, मागच्या आठवड्यात मार कितीदा बसला, खेळणी ठेवायला बाळाची स्वतःची जागा आहे का, आई बाहेर गेली तर सांभाळणारी माणसे ठरलेली आहेत का, नातेवाइकांचे येणे-जाणे आहे का, दिवसातून एक जेवण तरी आईवडिलांबरोबर होते का, अशा स्वरूपाचे हे मुद्दे आहेत. फरशी, टीव्ही, फ्रीज यांना त्यात गुण नाहीत. घरात दिसतील अशी दहा पुस्तके असावीत असा एक मुद्दा मात्र आहे, आणि औंढा किंवा जिंतूर तालुक्यातल्या बहुतेक घरांत तिथे 'नाही' अशीच खूण पडेल. युनिसेफच्या कुटुंब-पाहणीत याबाबत अधिक समंजसपणा दिसतो. तिथे खेळण्याविषयी विचारताना दुकानातल्या खेळण्यांबरोबर घरी बनवलेली खेळणी, भांडी, काड्या, दगड, पाने हेही धरले जाते. चिपाडाची बैलगाडी, चिंचोके, पोळ्याला केलेले मातीचे बैल, आईच्या हाताखालची वाटी-पळी हे सगळे त्या हिशेबात बसते.

ही दोन मोजमापे एकत्र आणणाऱ्या अभ्यासांपैकी एक मला विशेष महत्त्वाचा वाटतो. एलिझाबेथ मेनाघन आणि टोबी पार्सेल या दोन अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी 1991 मध्ये नोकरी-मजुरी करणाऱ्या आणि तीन ते सहा वर्षांचे मूल असलेल्या मातांची माहिती तपासली. ती एका मोठ्या राष्ट्रीय पाहणीतून घेतलेली होती, आणि त्या पाहणीची खुबी अशी की रोझेनबर्ग यांची प्रश्नावली या स्त्रियांनी 1980 मध्ये, तरुण वयात भरून दिली होती, तर त्यांच्या मुलांच्या घरांचे निरीक्षण 1986 मध्ये झाले. हा क्रम महत्त्वाचा आहे. कारण दोन्ही गोष्टी एकाच दिवशी मोजल्या असत्या, तर हट्टी मुलामुळेच आईचा आत्मसन्मान खचला असेल, अशी शंका घेता आली असती. निष्कर्ष असा निघाला की स्वतःविषयी ज्यांचे मत आधीपासून बरे होते, त्यांच्या घरी पुढे मुलांना अधिक ऊब, अधिक बोलणे आणि अधिक चालना मिळत होती. शिक्षण आणि वय यांचाही वाटा दिसला, आणि मुलांची संख्या वाढली की घर थोडे उणे पडत होते. याशिवाय आईच्या कामाचे स्वरूपही मोजले गेले होते: ज्या कामात स्वतः विचार करून ठरवायला वाव असतो, ते काम करणाऱ्या मातांची घरे सांगकाम्या, तेच-ते काम करणाऱ्या मातांच्या घरांपेक्षा मुलांसाठी सरस ठरली. या शेवटच्या मुद्द्याकडे मी ऊसतोडीच्या संदर्भात पुन्हा येणार आहे.

आईच्या मनातला भाव बाळापर्यंत पोहोचतो तो कोणत्या वाटांनी? पहिली वाट अर्थ लावण्याची आहे. सहा महिन्यांचे बाळ संध्याकाळी अर्धा तास रडत राहिले, तर त्या रडण्याला स्वतःचा असा एकच अर्थ नसतो. तो ऐकणारी व्यक्ती लावते. स्वतःवर विश्वास असलेली आई दूध, ओले कपडे, पोटातला वारा, झोप अशी एकेक शक्यता तपासते आणि काहीच लागू पडले नाही तर बाळाला खांद्यावर टाकून अंगणात फिरते. स्वतःला आधीच उणी समजणारी आई त्याच रडण्यात स्वतःविरुद्धचा निकाल ऐकते, आणि तिच्या हालचालींत घाई, चिडचिड किंवा हात टेकणे येते. डग्लस टेटी आणि डोना गेलफंड यांनी 1991 मध्येच प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आईचे नैराश्य किंवा बाळाचा किरकिरा स्वभाव यांचा तिच्या सांभाळण्यावर होणारा परिणाम बराचसा 'मला हे जमते' या भरवशाच्या मार्गे होतो, असे दिसले. बाळ किरकिरे असले तरी भरवसा टिकला, तर सांभाळणेही टिकते.

दुसरी वाट बोलण्याची. जे लेकरू अजून उत्तर देऊ शकत नाही त्याच्याशी दिवसभर बोलत राहायचे, तर आपल्या बोलण्याला काही किंमत आहे असे बोलणाऱ्याला वाटावे लागते. "मी सातवी शिकलेली, मी याला काय शिकवणार" असे म्हणणारी आई मराठवाड्यात शोधावी लागत नाही. तिच्या लेखी शिकवणे म्हणजे एबीसीडी आणि रंगांची इंग्रजी नावे, आणि ते काम अंगणवाडीताईचे किंवा तालुक्याच्या इंग्रजी शाळेचे. प्रत्यक्षात ज्वारी निवडताना 'हा खडा, हा दाणा' असे सांगणे, गोठ्यातल्या वासराला हाक मारायला लावणे, मामा-मावशी-आत्या-काकू यांची ओळख करून देणे, झोळीला झोका देताना ओवी गुणगुणणे, हे सारे भाषाशिक्षणच आहे, आणि तीन वर्षांच्या आतल्या मुलासाठी त्याहून चांगले असे फारसे काही कुठल्या दुकानात मिळत नाही. पण ज्या आईला स्वतःजवळचे काहीच मोलाचे वाटत नाही, ती हे सोडून देते आणि बाळाच्या हातात मोबाईल देते. मोबाईलबद्दल तिला दोष देण्याआधी, तिच्या ओवीला गेल्या काही वर्षांत घरात कोणी 'छान' म्हटले होते का, हे विचारायला हवे.

तिसरी वाट शिस्तीची आहे, आणि एकत्र कुटुंबात ती फार वाकडी होते. दीड वर्षाच्या मुलाने परातीतले पीठ सांडले, तर त्या वयात ते कुतूहलच असते. स्वयंपाकघरात आई एकटी असेल तर कदाचित हसून सोडून देईल. पण ओसरीवर आत्याबाई बसलेल्या असतील, आणि "लेकराला वळण नाही लावलं" हे वाक्य तिने आधी ऐकलेले असेल, तर ती पटकन एक धपाटा घालते. तो धपाटा मुलासाठी नसतोच; मी बेफिकीर आई नाही, हे ओसरीला कळवण्यासाठी तो असतो. स्वतःच्या मताचा आधार ज्याच्यापाशी नाही, त्याला दुसऱ्याच्या नजरेच्या आधाराने वागावे लागते, आणि मग वड्याचे तेल वांग्यावर निघते. 'होम' पडताळणीत ओरडणे, मारणे, सतत अडवणे यांच्यासाठी वेगळा गट ठेवला आहे तो यामुळेच. मुलाला किती मार बसतो याचा संबंध त्याच्या खोड्यांपेक्षा मोठ्यांच्या आपसातल्या हिशेबांशी पुष्कळदा अधिक असतो, असे माझे मत आहे.

मागण्याची वाट सहसा कोणी मोजत नाही. नवऱ्याला "लेकराला तासभर घ्या, मला अंघोळ करायची आहे" म्हणणे, बाजारातून फुगा किंवा चित्रांचे पुस्तक आणायला सांगणे, आरोग्य केंद्रात डॉक्टर घाईत असले तरी "रात्री धाप लागत होती" हे पूर्ण सांगूनच उठणे, या सगळ्याला आपला हक्क आहे असे वाटावे लागते. ज्या आईला तसे वाटत नाही तिच्या घरात खेळणे येत नाही, वडिलांचा सहवास येत नाही आणि औषधही उशिरा येते; पण वरून पाहणाऱ्याला हे सगळे गरिबीचे परिणाम वाटतात.

आणि बाळ आईचा चेहरा वाचत असते. एडवर्ड ट्रॉनिक यांनी 1970 च्या दशकात केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. आई आपल्या काही महिन्यांच्या बाळाशी नेहमीसारखी खेळते, मग काही मिनिटे चेहरा अगदी निर्विकार ठेवून नुसती पाहत राहते. बाळ आधी हसून, हात हलवून, आवाज काढून तिला परत बोलावण्याचा प्रयत्न करते; ते जमले नाही की मान फिरवते, कोमेजते, पुष्कळदा रडू लागते. हे वाचून कोणत्याही आईने घाबरून जाण्याचे कारण नाही. रोजच्या जगण्यात आई आणि बाळ यांचा सूर बराच वेळ जुळलेला नसतोच, आणि तुटलेला सूर पुन्हा जुळणे हेच बाळासाठी महत्त्वाचे असते, हेही त्याच अभ्यासकांनी दाखवले आहे. तव्यावर भाकरी असताना आईने पाच मिनिटे लक्ष दिले नाही, तर काही बिघडत नाही. महिनोन्‌महिने चेहरा मिटलेलाच राहिला तर बिघडते.

आता एक सावधगिरी. वरचे सगळे संबंध सरासरीचे आहेत. स्वतःबद्दल फारसे बरे मत नसलेल्या कित्येक आयांनी उत्तम मुले वाढवली आहेत, आणि प्रभावही दुहेरी असतो: कमी वजनाचे, वरचेवर आजारी पडणारे बाळ भल्याभल्या आईचा धीर खचवते. शिवाय आत्मसन्मान आणि परिस्थिती यांना वेगळे करणे सोपे नाही. जे बेल्स्की यांनी 1984 मध्ये पालकत्वाला आकार देणाऱ्या तीन गोष्टी सांगितल्या, त्या अशा: पालकाचे स्वतःचे मानसिक बळ, मुलाचे गुणधर्म, आणि भोवतालचा ताण व आधार. तिन्हींपैकी मानसिक बळ सर्वांत जास्त तारून नेते, असे त्यांचे म्हणणे होते. मला ते मान्य आहे, पण त्या बळाचा साठा भोवतालच्या ताणातूनच आटतो, हेही त्याला जोडून म्हटले पाहिजे. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. त्या दिवसांत टँकरच्या रांगेत घागरी लावून उभ्या असलेल्या आईचा बाळाशी बोलण्याचा वेळ कोणी हिरावला, हे सांगायला मानसशास्त्राची गरज नाही.

मराठवाड्यात तर हा साठा फार लवकरच्या वयात आटायला सुरुवात होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (2019-21), 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण महाराष्ट्रात सुमारे 22 टक्के होते, तर परभणीत ते सुमारे 48 आणि बीडमध्ये सुमारे 44 टक्के होते. ज्या वयात मुलीचे स्वतःबद्दलचे मत शाळेतल्या गुणांवर, मैत्रिणींवर, एखाद्या जिंकलेल्या स्पर्धेवर तयार होत असते, त्या वयात ती सर्वांत धाकटी सून म्हणून नव्या घरात उभी राहते, जिथे प्रत्येकाला तिच्यापेक्षा जास्त कळते. वर्ष-दीड वर्षात बाळ होते, आणि बाळ सांभाळण्याची पहिली चूक होताच "हिला काय कळतंय" हे वाक्य पक्के बसते. मुलगी झाली तर आणखी काही ऐकावे लागते. 2011 च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात हजार मुलांमागे 807 मुली होत्या; ज्या समाजात हा आकडा तयार झाला, तिथे मुलीला जन्म देणाऱ्या आईच्या मनाचे काय होत असेल याचा अंदाज बांधता येतो. गोव्यात विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या, 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी सुमारे 23 टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले होते, आणि गरिबी, नवऱ्याशी बिघडलेले संबंध व मुलगी होणे हे त्याचे धोके म्हणून पुढे आले होते. गोवा शिकलेला आणि तुलनेने सुखवस्तू प्रदेश मानला जातो, हे येथे लक्षात ठेवावे.

ऊसतोडीचे पाहू. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून उचल घेण्याचे बोलणे बहुधा पुरुष करतो, हिशेबही त्याच्याशीच होतो. बाई पहाटे उठून स्वयंपाक करते, फडात ऊस तोडलेला गोळा करून मोळ्या बांधते, डोक्यावरून त्या वाहते, परत येऊन पुन्हा चूल पेटवते. पण तिच्या श्रमाचा वेगळा आकडा कुठेच लिहिला जात नाही, आणि एक दिवस अंग टाकले तर खाड्याचे पैसे मात्र कापले जातात. अशा वेळी घर म्हणजे पाचटाची किंवा ताडपत्रीची कोपी असते, आणि दोन वर्षांचे लेकरू फडाच्या कडेला सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या ताब्यात असते. मेनाघन आणि पार्सेल यांनी ज्या सांगकाम्या, काहीही ठरवू न देणाऱ्या कामाविषयी लिहिले, त्याचे याहून टोकाचे रूप मला सुचत नाही. त्या आईने रात्री लेकराला गोष्ट सांगावी अशी अपेक्षा करायची असेल, तर तिच्या नावावर पैसे पडणे आणि फडाजवळ पाळणाघर असणे, या दोन गोष्टी गोष्टीच्या पुस्तकाआधी यायला हव्यात.

मग बदलते काय? नुसत्या कौतुकाने फार काही बदलत नाही. आत्मसन्मान फुगवला की सगळे सुधारेल, ही कल्पना अमेरिकेत एके काळी जोरात होती; 2003 मध्ये रॉय बाउमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा तसे काही सिद्ध होत नाही असे त्यांना आढळले. काही जमले की त्याच्या मागोमाग आत्मसन्मान येतो, असे बऱ्याचदा दिसते. ही गोष्ट ध्यानात ठेवून आखलेले दोन प्रयोग सांगण्यासारखे आहेत.

जमैकामध्ये 1980 च्या दशकात सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी किंग्स्टनच्या गरीब वस्तीतील, कुपोषणाने उंची खुंटलेल्या 9 ते 24 महिन्यांच्या मुलांसाठी दोन वर्षे दर आठवड्याला गृहभेटी आखल्या. भेट देणाऱ्या आरोग्यसेविका टाकाऊ वस्तूंची खेळणी घेऊन जात, पण मुलाशी स्वतः खेळून निघून येत नसत. खेळ आईकडून करवून घेत, तिला काय जमले ते बोलून दाखवत, आणि तिचा आत्मविश्वास वाढवणे हा कार्यक्रमाचा घोषित भागच होता. वीस वर्षांनी ही मुले कमावती झाली, तेव्हा ज्यांच्या घरी या भेटी झाल्या होत्या त्यांची कमाई, तशाच पण भेटी न मिळालेल्या मुलांपेक्षा सुमारे 25 टक्के जास्त भरली. दुसरा प्रयोग पाकिस्तानातील रावळपिंडीजवळच्या खेड्यांतला. अतिफ रहमान यांनी तिथल्या साध्या आरोग्यसेविकांना नैराश्यग्रस्त मातांशी ठरावीक पद्धतीने बोलायला शिकवले. 2008 मध्ये आलेल्या निष्कर्षांत, बाळ सहा महिन्यांचे असताना नैराश्य राहिलेल्या मातांचे प्रमाण या गटात 23 टक्के, तर दुसऱ्या गटात 53 टक्के होते. बाळांच्या वजन-उंचीत लक्षणीय फरक पडला नाही, हेही सांगायला हवे. पण जुलाब कमी झाले, लसीकरण वाढले, आणि आईवडील दोघेही बाळाशी खेळण्यात जास्त वेळ देऊ लागले.

आपल्या भागातही याचे धागे आहेत, जरी ते बालसंगोपनाच्या नावाने ओळखले जात नसले. बीडच्या सीमेला लागून असलेल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पात गावोगावच्या, बऱ्याचशा निरक्षर स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले गेले, आणि त्या प्रशिक्षणात रोगांच्या माहितीइतकेच 'मी कोण आहे' या जाणिवेला महत्त्व होते. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत घरांच्या दुरुस्तीच्या कामात गावातल्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून नेमले गेले; भिंतीला कुठे आधार द्यायचा, खिडकी कुठे ठेवायची, सिमेंट किती लागेल, हे त्या गावाला समजावून सांगू लागल्या. लेकरांसाठी म्हणून हे काही केलेले नव्हते. पण जिच्याकडे गाव सल्ल्याला येते, तिला घरातही सहज गप्प बसवता येत नाही.

रोजच्या पातळीवर मला सर्वांत खटकते ती अंगणवाडीतल्या वजनाच्या दिवसाची पद्धत. बाळ काट्यावर ठेवले जाते, आकडा मोठ्याने वाचला जातो, आलेखात हिरव्याच्या खाली बिंदू पडतो, आणि दहा बायकांसमोर कोणीतरी म्हणते, "खायला घालत नाहीस का गं याला?" पुढच्या महिन्यात ती आई येत नाही किंवा सासूच्या हाती बाळ पाठवते. तेच वजन बाजूला घेऊन सांगता येते, आणि आधी "तुला काय वाटतं, हे कशानं झालं असेल?" असे विचारता येते. सासूलाही यात वगळून चालत नाही. बहुतेक घरांत बाळाला तेल लावणे, न्हाऊ घालणे, रात्री थोपटणे तिच्याकडे असते, तिचे ज्ञान खरे असते, आणि तिला डावलून सुनेला शहाणे ठरवायला गेले तर त्याची किंमत सूनच मोजते. गृहभेटीत सासूला तिने स्वतः लेकरे कशी वाढवली हे आधी विचारले, आणि मग "आता सूनबाई कसं करते ते बघू" असे म्हणून चमचा सुनेच्या हाती दिला, तर दोघींचाही मान राहतो. वडिलांसाठी सांगायचे एवढेच की बाळाला रोज ठरावीक वेळ घेणे हे बायकोवर केलेले उपकार नाहीत, आणि तिच्या चुका चारचौघांत सांगणे थांबवायला पैसा लागत नाही.

ज्या आईला दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच मन लागत नाही, झोप-भूक गेली आहे, बाळाकडे पाहावेसे वाटत नाही किंवा जगणे नकोसे झाले आहे, तिच्या बाबतीत मात्र आत्मसन्मानाच्या गोष्टी बाजूला ठेवून तिला लगेच डॉक्टरांकडे न्यावे. केंद्र सरकारची 14416 ही टेलिमानस हेल्पलाईन 2022 पासून सुरू आहे, तिच्यावर मराठीतही बोलता येते आणि फोनला पैसे पडत नाहीत. हा फोन नवरा, सासू किंवा आशाताई यांच्यापैकी कोणीही लावून देऊ शकते. लावून दिल्यावर बाळाला आपल्याकडे घ्यावे आणि तिला एकटीला मोकळेपणाने बोलू द्यावे.